एका नावाचे दोन मालक

वाशी दोन आहेत. एक नवी मुंबईतली: लोकलची, खाडीपुलाची, घाऊक बाजाराची. दुसरी धाराशिव जिल्ह्यातली, तालुक्याची वाशी. फटाक्यांसाठी ओळखलं जाणारं तेरखेडा तिच्याच हद्दीत येतं. ‘वाशीचा माल रात्रीच वाशीला गेला’ असं धाराशिवात कुणी म्हणालं तर ऐकणारा अडखळत नाही. पहिली वाशी कुठली आणि दुसरी कुठली, हे त्याला फोड करून सांगावं लागत नाही. कळंबचंही तेच. एक कळंब तालुका या जिल्ह्यात, दुसरा यवतमाळ जिल्ह्यात, आणि दोन्हीकडच्या लोकांना आपलंच कळंब खरं वाटतं.

गोंधळ होतो तो वाक्य प्रवासाला निघालं की. ‘वाशीच्या स्टँडवर थांबतो’ अशी चिठ्ठी कळंबमध्ये लिहिली गेली आणि तुर्भ्यात उघडली गेली, तर वाशी कुणाची धरायची? लिहिणाऱ्याची की वाचणाऱ्याची? माणसं संदर्भावरून निभावून नेतात, फार तर एक फोन करतात. संगणकाला तेवढं तारतम्य नसतं, आणि त्याच्या भाषांमध्ये हा प्रसंग सतत उद्भवतो: मजकूर एकानं एका जागी लिहिलेला, उलगडतो भलत्याच जागी, आणि दोन्हीकडे नावं तीच. यावरची तोडगा म्हणता येईल अशी पहिली शिस्त सापडायला, लिस्प नावाच्या भाषेत मॅक्रो आल्यापासून, तब्बल २३ वर्षं लागली. त्या शिस्तीला ‘मॅक्रो हायजीन’ म्हणतात. नाव दवाखान्यातलं वाटतं खरं. पण एखादं नाव नक्की कोणत्या घरचं, याचा इतका बारीक विचार मी तरी दुसऱ्या कुठल्या तांत्रिक विषयात पाहिलेला नाही.

आधी मॅक्रो म्हणजे काय ते. प्रोग्रॅम हा शेवटी नावांचा आणि हुकमांचा मजकूर असतो. ‘पाऊस = ४०’ असं लिहिलं की ‘पाऊस’ हे नाव ४० या किमतीला चिकटतं; अशा नावाला व्हेरिएबल म्हणायचं. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असलं की त्याचं फंक्शन बनवतात. फंक्शनला आपण किमती देतो, ते उत्तर देतं, आणि आत त्यानं कुठली नावं वापरली याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं. मॅक्रोची जातच वेगळी. त्याच्यापर्यंत किंमत पोचतच नाही. तुम्ही ‘पाऊस + १’ लिहिलंत तर फंक्शनला ४१ मिळतात. मॅक्रोला मिळतं ते ‘पाऊस’, ‘अधिक’ आणि ‘एक’ असं तुमचंच लिखाण, जसंच्या तसं. ते तो हवं तसं उलटंपालटं करतो, त्यात पदरची भर घालतो, आणि तयार झालेला मजकूर तुमच्या प्रोग्रॅममध्ये, जिथे त्याला बोलावलं होतं नेमकं तिथे, चिकटवून मोकळा होतो. आणि हे सगळं प्रोग्रॅम चालू होण्याआधी. थोडक्यात, प्रोग्रॅम लिहून देणारा प्रोग्रॅम.

शब्दाचा अर्थ बाजूला ठेवून नुसता शब्द हाताळायचा, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात पाणिनीनं नियम करून ठेवला आहे की व्याकरणाच्या सूत्रात एखादा शब्द आला तर तो स्वतःच्या रूपाचाच निर्देश करतो, अर्थाचा नाही. अपवाद फक्त शास्त्रातल्या पारिभाषिक संज्ञांचा. म्हणून ‘अग्नी’ला सांगितलेला प्रत्यय अग्नी या शब्दाला लागतो. चुलीतल्या विस्तवाला तो लावायचा प्रश्नच येत नाही, आणि अग्नीचाच अर्थ असलेल्या ‘पावक’ या शब्दालाही तो लागत नाही. मला जास्त नवल वाटतं ते त्या अपवादाचं. शास्त्राच्या स्वतःच्या संज्ञा आणि ज्यांच्याविषयी शास्त्र बोलतंय ते शब्द, दोन्ही एकाच सूत्रात शेजारी शेजारी येणार, तेव्हा त्यांची सरमिसळ होता कामा नये, हे त्याला दिसलं होतं.

संगणकाकडे वळायचं तर लिस्प ही भाषा जॉन मॅकार्थीनं १९५८ मध्ये आखायला घेतली. तिचं वैशिष्ट्य असं की तिच्यात माहिती जशी याद्यांच्या रूपात मांडतात, तसाच प्रोग्रॅमही यादीच्या रूपात लिहितात. मग एका प्रोग्रॅमनं दुसरा प्रोग्रॅम कापणं-जोडणं अगदी सहज जमतं. १९६३ साली एमआयटीतल्या टिमथी हार्टनं एक लहानसं टिपण लिहून लिस्पमध्ये मॅक्रो घालण्याची सूचना केली, आणि प्रोग्रॅमरांच्या हाती विलक्षण ताकद आली. भाषेत नसलेली वाक्यरचना आता वापरणाराच घडवू शकत होता. त्या ताकदीबरोबर एक चोरदरवाजाही आला.

तो जवळून बघू. समजा, धाराशिवच्या आठ तालुक्यांचा पाऊस उतरत्या क्रमानं लावायचा आहे. त्यासाठी दोन आकड्यांची अदलाबदल वारंवार करावी लागते, आणि कुणीतरी ‘अदलाबदल’ नावाचा मॅक्रो आधीच लिहून ठेवला आहे. दोन आकडे एकमेकांच्या जागी न्यायचे तर एक आकडा क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. त्या तात्पुरत्या जागेला मॅक्रो लिहिणाऱ्यानं ‘तात्पुरता’मधला ‘त’ घेऊन नाव दिलं:

त = पहिला
पहिला = दुसरा
दुसरा = त

इकडे आपण तुळजापूरच्या पावसाला ‘त’ म्हटलं आणि कळंबच्या पावसाला ‘क’. तुळजापूरला ४० मिलिमीटर, कळंबला ६५ (आकडे उदाहरणापुरते). आपण हुकूम सोडला: अदलाबदल(त, क). मॅक्रोनं इमानेइतबारे ‘पहिला’च्या जागी त घातला, ‘दुसरा’च्या जागी क घातला, आणि हे चिकटवलं:

त = त
त = क
क = त

बोटानं चालवून बघा. पहिल्या ओळीत काहीच होत नाही. दुसरीत तुळजापूरचे ४० पुसले जाऊन तिथे ६५ येतात. तिसरीत कळंबला त्याचेच ६५ परत मिळतात. तुळजापूरचा पाऊस गेला, आणि कुठे गेला ते विचारायची सोय नाही.

संगणकानं तक्रार केली नाही, कारण तिन्ही ओळी व्याकरणशुद्ध आहेत. चूक कुणाची म्हणावी? एकानं तात्पुरत्याला त म्हटलं, दुसऱ्यानं तुळजापूरला त म्हटलं; दोघांचंही बरोबर. दोघांचे कागद वेगवेगळे तपासले तर त्यात काही सापडायचं नाही, कारण ‘त = त’ ही ओळ कुणीच लिहिलेली नाही. ती उलगडताना जन्माला आली. शिवाय भूम आणि परंड्याच्या आकड्यांवर, ‘भ’ आणि ‘प’वर, हाच मॅक्रो वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला असता. याला कॅप्चर म्हणतात: मॅक्रोनं आणलेल्या नावानं वापरणाऱ्याचं नाव गिळून टाकणं.

यावर पहिला उपाय सुचतो तो गावठी: नाव असं विचित्र ठेवायचं की दुसरं कुणी ठेवणारच नाही. सी भाषेतले लोक नावाच्या मागेपुढे अधोरेखा लावून हेच करत आले. पण विचित्र नावही शेवटी एकच नाव असतं. लिनक्सच्या गाभ्यात दोन आकड्यांतला मोठा कोणता ते सांगणारा ‘मॅक्स’ हा चिमुकला मॅक्रो आहे. तीन आकड्यांतला मोठा हवा असेल तर लोक मॅक्सच्या पोटात मॅक्स लिहितात. मग आतला आणि बाहेरचा, दोघंही तेच विचित्र नाव घेऊन येणार, आणि मॅक्रो स्वतःच स्वतःच्या पायात पाय घालून पडणार. म्हणून तिथे आता दर वेळी एक आकडा पुढे सरकवून नवंकोरं नाव तयार करायची सोय करावी लागली आहे. लिस्पवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांच्याकडे ‘जेनसिम’ असतं. मागितलं की ते आजवर कुणीच न वापरलेलं नाव काढून देतं. पद्धत पक्की आहे, फक्त ती मॅक्रो लिहिणाऱ्याच्या आठवणीवर चालते. जिथे मागायला विसरला तिथे भोक राहिलं. आणि विसरल्याचं कळतं ते तुळजापूरचा पाऊस हरवल्यावर, म्हणजे बहुधा दुसऱ्या कुणाला तरी.

तेव्हा नाव बदलल्यानं प्रश्न सुटतो हे खरं, पण नाव बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं? धाराशिवकरांना हा प्रश्न नवा नाही. शहराचं जुनं नाव धाराशिव. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून त्याचं उस्मानाबाद झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळून शहराचं नाव पुन्हा धाराशिव ठरलं. जिल्हा, उपविभाग, तालुका यांची नावं बदलली ती सप्टेंबर २०२३ च्या वेगळ्या अधिसूचनेनं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ८ मे २०२४ ला न्यायालयानं बदल कायम ठेवला. त्याच्या आदल्याच दिवशी, ७ मे रोजी, या भागात लोकसभेचं मतदान झालं होतं, आणि ते झालं ‘उस्मानाबाद’ मतदारसंघात. यात काही विसंगती नव्हती. मतदारसंघाला नाव दिलं ते २००८ च्या परिसीमन आदेशानं. जिल्ह्याच्या अधिसूचनेचा त्याला स्पर्श होत नाही. तो मतदारसंघ म्हणजे जिल्हा नव्हेच. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी त्यात येतं, लातूर जिल्ह्यातलं औसाही येतं.

रेल्वे स्थानकाची पाटी बदलली ती आणखी नंतर, २०२५ मध्ये, रेल्वेच्या आपल्या रीतीनं. काळ्या कुळकुळीत, मांसासाठी नावाजलेल्या शेळीची जात मात्र अजून उस्मानाबादीच आहे. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून बाजारात कुणी ‘धाराशिवी शेळी’ मागत नाही. आणि गाड्यांच्या पाट्यांवरचा ‘एमएच २५’ या सगळ्यातून अंगाला काही न लागता पार पडला, कारण तिथे नाव नव्हतंच, आकडा होता.

उस्मानाबाद ही अक्षरं एकच होती; त्यांच्याखाली शहर, जिल्हा, मतदारसंघ, स्थानक, शेळी अशा वेगवेगळ्या वस्तू उभ्या होत्या. ‘शोधा आणि बदला’ हे बटण अक्षरं बघतं. बदल नीट करायचा तर त्या अक्षरांचा हा विशिष्ट उल्लेख कोणत्या वस्तूकडे बोट दाखवतोय ते आधी ठरवावं लागतं, आणि तेवढेच उल्लेख बदलावे लागतात. गणितज्ञांना हे अलोन्झो चर्चच्या लॅम्डा कॅल्क्युलसपासून, म्हणजे १९३०च्या दशकापासून माहीत होतं. मॅक्रोंच्या बाबतीत ते यंत्राकडून आपोआप करून घ्यायची युक्ती सापडली १९८६ साली.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले यूजीन कोलबेकर, डॅनिएल फ्रीडमन, मथायस फेलायसेन आणि ब्रूस डुबा या चौघांनी ती मांडली, आणि ती इतकी साधी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही असं वाटावं. प्रत्येक नावावर शिक्का मारायचा. मूळ प्रोग्रॅममध्ये माणसानं लिहिलेल्या सगळ्या नावांवर ० चा शिक्का. पहिला मॅक्रो उलगडला की त्यानं पदरचं जे जे आणलं त्यावर १ चा. पुढचा उलगडला की २ चा. एक घड्याळ टिकटिक करत राहतं, आणि प्रत्येक नावाबरोबर ते प्रोग्रॅममध्ये कधी शिरलं याची नोंद राहते. दोन नावं एकच मानायची ती अक्षरं आणि शिक्का दोन्ही जुळले तरच. आपली अदलाबदल आता अशी उलगडते:

त१ = त०
त० = क०
क० = त१

तुळजापूरचे ४० आधी त१ मध्ये सुरक्षित गेले, कळंबचे ६५ तुळजापुरात आले, मग त१ मधले ४० कळंबला पोचले. मॅक्रो लिहिणाऱ्यानं आपला ‘त’ बदलला नाही, आपण आपला बदलला नाही, दोघांना एकमेकांचा पत्ताही नाही. सगळं उलगडून झालं की वेगवेगळ्या शिक्क्यांच्या नावांना वेगवेगळी नावं देऊन शिक्के पुसून टाकतात.

मला या युक्तीतलं सगळ्यात लोभस काय वाटतं, तर तिनं ‘काय लिहिलंय’ या प्रश्नाला ‘कुणी आणलं’ हा प्रश्न जोडला. त्याआधी प्रोग्रॅममधलं नाव म्हणजे नुसती अक्षरं होती. आता त्याला पूर्ववृत्त आलं. दर उलगडीला सगळा मजकूर पुन्हा चाळावा लागत असल्यानं ती पद्धत संथ होती, पण ते नंतर सुधारता येण्यासारखं होतं.

पण हे अर्धंच काम झालं. गिळंकृत करण्याची दुसरी दिशाही असते. समजा, मॅक्रोला घड्याळ बघायचं आहे आणि त्यासाठी तो ‘वेळ’ नावाचं फंक्शन बोलावतो. मॅक्रो लिहिला त्या जागी ते फंक्शन आहे. वापरणाऱ्यानं मात्र आपल्या प्रोग्रॅममध्ये ‘वेळ’ हे नाव सकाळ की संध्याकाळ एवढंच नोंदवायला घेतलं आहे. मॅक्रो तिथे जाऊन उलगडला की त्याच्या हाती घड्याळाऐवजी ‘सकाळ’ पडणार. इथे मॅक्रोनं काही नवीन नाव आणलेलं नाही; आपल्या घरची वस्तू त्यानं परक्या घरात मागितली, एवढंच. नियम हवा तो असा की मॅक्रोनं उच्चारलेलं नाव मॅक्रोच्याच गावात शोधावं, मग तो कुठेही उलगडो. हे साधणं बरंच अवघड होतं. विल्यम क्लिंगर आणि जोनाथन रीझ यांनी १९९१ मध्ये दोन्ही दिशा एकत्र सांभाळणारी रीत दाखवली, आणि निबंधाला शीर्षक दिलं ‘चालणारे मॅक्रो’ अशा अर्थाचं. आधीचे चालत नव्हते, ही त्यांची कोपरखळी उघड आहे.

ही सगळी परंपरा आज हाताशी बघायची तर ज्युलिया ही भाषा चांगली. २००९ मध्ये तिच्यावर काम सुरू झालं, २०१२ मध्ये ती जगासमोर आली. तिचे जनक चौघं: जेफ बेझनसन, स्टीफन कार्पिन्स्की, ॲलन एडेलमन आणि विरल शाह. यातल्या विरल शाह यांची इंजिनिअरिंगची पदवी गोव्याची, आणि आधार योजनेच्या सुरुवातीच्या आखणीत ते होते. आधारचे पहिले क्रमांक २०१० मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटले गेले. नावं जुळणाऱ्या कोट्यवधी माणसांना वेगळं ओळखण्यासाठी बारा आकडी क्रमांक काढणारी योजना आणि नावांची टक्कर टाळणारी भाषा, दोन्हीत एकाच माणसाचा हात असावा हा योगायोग असेल. मला तो आवडतो.

ज्युलियात मॅक्रोच्या नावाआधी @ हे चिन्ह येतं, म्हणजे वाचणाऱ्याला आधीच कळतं की इथे मजकूर उलगडणार आहे. एखादं काम करायला किती वेळ लागला ते सांगणारा ‘@टाइम’ हा तिथला रोजच्या वापरातला मॅक्रो. तो काय करतो? घड्याळ बघून ‘आरंभ’मध्ये लिहून ठेवतो, तुम्ही दिलेलं काम करतो, पुन्हा घड्याळ बघतो, वजाबाकी छापतो. या चार पावलांत तीन प्रकारची नावं आहेत, आणि ज्युलिया तिघांना तीन न्याय लावते. ‘आरंभ’ला मॅक्रोनं स्वतः किंमत दिली, म्हणजे ते त्याचं आतलं नाव, त्याला उलगडताना कोरं नाव मिळतं. घड्याळाच्या फंक्शनला मॅक्रोनं किंमत दिली नाही, फक्त बोलावलं. ते मॅक्रो जिथे लिहिला गेला त्या मोड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्या स्वतंत्र विभागात, शोधलं जातं, वापरणाऱ्यानं आपल्याकडे त्या नावाचं काहीही करून ठेवलेलं असो. उरलं तुम्ही दिलेलं काम. त्यातली नावं तुमची आहेत, ती तुमच्याच अंगणात सोडवायला हवीत. पण मॅक्रोच्या हातून बाहेर पडणाऱ्या मजकुरात तीही मिसळलेली आहेत, आणि ज्युलियाचा नियम सरसकट आहे: मॅक्रोकडून आलं ते मॅक्रोचं. तुमचं काम या नियमातून सुटावं म्हणून मॅक्रो लिहिणाऱ्याला त्याभोवती एक शब्द लिहावा लागतो, ‘एस्क’. एस्केपचं हे लघुरूप. अर्थ एवढाच की याला हात लावू नका, जसं आलं तसं चिकटवा.

कोऱ्या नावांचं रूप मोठं गमतीचं असतं. ‘आरंभ’चं होतं ‘#७#आरंभ’ असं काहीतरी. (ज्युलियात नावं देवनागरीतही देता येतात, ‘पाऊस’ आणि ‘आरंभ’ तिला चालतात.) हे # का? कारण ज्युलियात # दिसला की तिथून पुढची ओळ टिप्पणी समजून सोडून दिली जाते. म्हणजे साध्या रीतीनं लिहिणाऱ्या माणसाच्या हातून असं नाव उमटूच शकत नाही. लिहायला गेला तर भाषा ते नाव म्हणून वाचतच नाही. दुसऱ्या कुणी ठेवणार नाही असं नाव शोधत अधोरेखा वाढवत बसलेल्या सी वाल्यांना हवं होतं ते हेच. मुद्दाम वेगळी लेखनरीत वापरून अशी नावं लिहायची सोय नंतर ठेवली गेली, पण ती वापरणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

एस्कची दुसरी बाजूही आहे. कधी कधी मॅक्रोनं वापरणाऱ्याच्या नावाला हात घालावा, हेच हवं असतं. समजा, ‘@शून्य’ हा मॅक्रो आपल्या प्रोग्रॅममधल्या ‘पाऊस’ला शून्य करण्यासाठीच लिहिला. सरळ ‘पाऊस = ०’ लिहिलं तर हायजीन आड येतं: मॅक्रोनं किंमत दिली, म्हणून तो ‘पाऊस’ मॅक्रोचा, त्याला कोरं नाव, आणि आपल्या ४० ला धक्काही लागत नाही. एस्क लावला की मात्र आपलाच पाऊस शून्य होतो. तेच कृत्य, नकळत घडलं तर कॅप्चर आणि सांगून केलं तर सोय. लिस्पच्या जगात तर अशा मुद्दाम घडवलेल्या कॅप्चरचा एक संप्रदायच आहे. तिथले काही मॅक्रो ‘इट’ नावाचं व्हेरिएबल गुपचूप वापरणाऱ्याच्या हाती ठेवतात आणि त्याला ते वापरायला शिकवतात. मला त्यांचं कौतुक आहे, पण दुसऱ्यानं लिहिलेला असा मॅक्रो वाचताना ‘हे कुठून आलं’ असं दहादा वाटतं.

एस्कच्या वापरावरून मॅक्रो लिहिणाऱ्याची पारख होते असं मला वाटतं. नवखा माणूस पहिल्यांदा अडला की मॅक्रोतून बाहेर पडणाऱ्या अख्ख्या मजकुरालाच एस्क गुंडाळतो. प्रोग्रॅम चालतो, तो खूश होतो. प्रत्यक्षात त्यानं १९८६ पासूनची सगळी कमाई एका शब्दात परत केलेली असते. त्याची तात्पुरती नावंही आता वापरणाऱ्याच्या अंगणात उघडी पडली. जाणकार एस्क लावतो तो वापरणाऱ्यानं जेवढं दिलं तेवढ्याला, त्यापलीकडे एका अक्षराला नाही. आणि हायजीन म्हणजे सर्वरोगहर औषधही नव्हे. मॅक्रोनं आपण दिलेला मजकूर दोनदा चिकटवला तर ते काम दोनदा होणार, नावं कितीही स्वच्छ असोत. ‘वर्ग’ काढणाऱ्या मॅक्रोला जिल्ह्याचा सगळा पाऊस मोजणारी ओळ दिली, तर तो सगळा पाऊस दोन वेळा मोजेल आणि मग गुणाकार करेल.

शिक्क्यांची कल्पनाही जागच्या जागी राहिलेली नाही. २०१६ मध्ये मॅथ्यू फ्लॅटनं रॅकेट या भाषेसाठी ती नव्यानं मांडली. तिथे प्रत्येक नावाबरोबर एका शिक्क्याऐवजी शिक्क्यांचा अख्खा संच फिरतो: हे नाव कोणकोणत्या कक्षांतून आलं, त्या सगळ्यांची यादी. उल्लेख आणि व्याख्या यांच्या याद्या ताडून बघायच्या आणि जिची यादी पुरती उल्लेखाच्या यादीत बसते, त्यातही जिची सगळ्यात मोठी, ती व्याख्या खरी.

ज्युलियाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मला कितीदा वाचली तरी खरी वाटत नाही. बेझनसनचा फेम्टोलिस्प नावाचा एक छोटासा लिस्प होता, स्वतः घडवलेला. ज्युलियाचा मजकूर वाचण्याचं आणि मॅक्रो उलगडल्यावर नावं कोणत्या घरची ते ठरवण्याचं काम वर्षानुवर्षं त्यातच लिहिलेलं राहिलं. आजही ज्युलिया चालू करताना दोन आडव्या रेघा आणि पुढे ‘लिस्प’ असं लिहिलं तर ज्युलिया उघडतच नाही. तिच्या पोटातला तो लिस्प समोर येऊन बसतो आणि बेरजा करून दाखवतो. त्या फेम्टोलिस्पमध्ये मॅक्रो आहेत, पण जुन्या वळणाचे, हायजीनशिवायचे. तिथे कोरं नाव हवं असेल तर ते आठवणीनं जेनसिमकडून मागून घ्यावं लागतं.